पोटरीचा पंप, मापाचा मोजा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तुकाराम बीजेच्या दिवसांत देहूत असे पहारे रात्रंदिवस चालतात. थोडा वेळ थांबून पाहिलं तर लक्षात येतं, की मुरलेला विणेकरी खांबासारखा कधीच उभा नसतो. भार या पायावरून त्या पायावर नेतो, दोन पावलं पुढे, दोन मागे, मध्येच टाचा उचलतो. त्याला शरीरशास्त्र कोणी शिकवलेलं नाही. एका जागी उभं राहिलं की पाय भरून येतात, एवढं मात्र त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

याच देहूतून तळवड्याच्या वाटेनं रोज हजारो पुरुष चाकणकडे निघतात. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, सगळीकडे शेड आणि शेडमध्ये उभं राहण्याची कामं. असेंब्ली लाईनवर गाडी पुढे सरकते, माणूस जागेवर. प्रेसशॉपमध्ये तेच, तपासणीच्या टेबलाशी तेच, आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याचं तर बोलायलाच नको. त्याला बाराबारा तासांची ड्युटी आणि खुर्चीवर दिसला तर साहेबांची बोलणी. यांच्यातले कितीतरी जण संध्याकाळी सेफ्टी शूज काढतात तेव्हा नडगीवर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ असतो. वळाच्या खालचा घोटा सुजलेला आणि पोटरीवर निळसर गाठाळलेल्या शिरा. घरातली बाई म्हणते, दाखवून या. पुरुष म्हणतो, उभं राहून झालंय, झोपलं की उतरतं. उतरतंही. म्हणूनच दहा-दहा वर्षं दाखवणं होत नाही.

या पायांसाठी दाबाचे वैद्यकीय मोजे असतात. मेडिकलवाले त्यांना ‘व्हेरिकोजचे मोजे’ किंवा ‘स्टॉकिंग’ म्हणतात. यातला ‘मोजे’ हा शब्द फसवा आहे. मोजा म्हटलं की आपण बुटाचा नंबर सांगतो आणि जोडी घेऊन येतो. इथे विकत घ्यायचा असतो तो दाब, आणि तो औषधाच्या मात्रेसारखा ठरवून घ्यावा लागतो.

दाब कशासाठी, ते समजायला विहिरीवरची मोटर आठवावी. इंद्रायणीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, फुटवॉल गळका असेल तर काय होतं? मोटर बंद केली की पाइपात चढलेलं पाणी परत विहिरीत. पायातल्या शिरांचं गणित हेच आहे. धमन्यांमधून खाली आलेलं रक्त शिरांना पुन्हा हृदयाकडे चढवायचं असतं. घोट्यापासून हृदयापर्यंत साधारण सव्वा मीटरची उभी चढण. वर ढकलणारी मोटर म्हणजे पोटरीचा स्नायू. पाऊल टाकलं की तो आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये ठरावीक अंतरावर नाजूक पडद्यांच्या झडपा असतात. स्नायू सैल पडला की त्या मिटतात आणि चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. झडपा हे आपले फुटवॉल.

स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो. बीपी मोजताना डॉक्टर १२० आणि ८० म्हणतात ते हेच एकक. तोच माणूस चालायला लागला की काही पावलांत हा दाब ३०च्या आसपास उतरतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून पालखीबरोबर निघून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याच्या पायाला फोड येतील, गुडघे बोलतील, पण त्याचा पंप दिवसभर चालू असतो. लाईनवर आठ तास एका चौकोनात उभा असलेल्या त्याच्या मुलाचा पंप मात्र बंद. चाललेल्या पायापेक्षा उभा पाय लवकर थकतो, यात आळसाचा काही संबंध नाही.

वर्षानुवर्षं हा दाब सोसला, त्यात घरातच शिरांचा वारसा असला किंवा वजन वाढलेलं असलं, की शिरा ताणून रुंद होतात. पडद्यांची टोकं एकमेकांना टेकत नाहीत, झडप गळते, खालच्या झडपेवर आणखी भार येतो. फुगलेली, नागमोडी शीर दिसते ती याची खूण. ती नुसती दिसण्यापुरती असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी-काळी पडते, खाजते, कडक होते आणि एखाद्या दिवशी सायकलचं पेडल लागल्याचं निमित्त होऊन जखम होते. मग ती महिनोन्महिने भरत नाही. शीर वरवर असेल तर कधी फुटून धारही लागते. अशा वेळी घाबरून मांडीला दोरी आवळू नये. आडवं व्हावं, पाय उंच धरावा, फडक्यानं त्याच जागी घट्ट दाबून धरावं आणि तसंच दवाखान्यात जावं.

मोजा दोन गोष्टी करतो. बाहेरून आवळून रुंद झालेली शीर अरुंद करतो, त्यामुळे झडपेच्या पडद्यांची टोकं जवळ येतात. आणि पोटरीच्या स्नायूला टेकायला भिंत देतो, म्हणजे तो आवळल्यावर जोर बाहेर वाया न जाता आत लागतो. यासाठी दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी होत गेलेला हवा. उलट झालं तर तो मोजा नव्हे, फास. साधी क्रेप बँडेज घरी गुंडाळली की नेमकं हेच होतं: खाली सैल, पोटरीवर करकचून.

चढउताराचा हा दाब मोज्यात विणून बसवायचं श्रेय एका पुरुषाच्या दुखऱ्या पायांना जातं. अमेरिकेत टोलेडो शहरात कॉनराड जॉब्स्ट नावाचे जर्मन वंशाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पायांना शिरांमुळे जखमा होत. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं. कारण उघड होतं: पाण्याचा दाब जितकं खोल जावं तितका वाढतो, म्हणजे घोट्याशी जास्त, गुडघ्याशी कमी. हाच तलाव कापडात उतरवायचा म्हणून त्यांनी स्वतःसाठी मोजे बनवले आणि १९५०च्या दशकात त्यांचा उद्योग उभा राहिला. ‘हे बायकांचे मोजे’ म्हणून नाक मुरडणाऱ्याला ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता दुकानात जाण्याआधीची एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पाय दुखतो तो शिरेमुळे की धमनीमुळे? दोन्हींची दुखणी उलट्या स्वभावाची आहेत. शिरेचं दुखणं उभं राहिल्यानं वाढतं. चाललं किंवा पाय उंच ठेवून पडलं की हलकं होतं. धमनीचं दुखणं चालल्यावर येतं: ठरावीक अंतर गेलं की पोटरीत गोळा, थांबलं की दोन मिनिटांत बरं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा गोळा. असा पाय बहुधा गार पडतो, रात्री पलंगाखाली सोडला की बरा वाटतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे दुखणं जास्त, म्हणजे पुरुषांच्या पायांबाबत ही शंका आधी फेडलीच पाहिजे. रक्त आधीच कमी पोचतंय अशा पायाला वरून आवळणं म्हणजे कातडी मारणं.

तपासणी साधी आहे. घोट्याचं वरचं बीपी मोजायचं आणि त्याला दंडाच्या वरच्या बीपीनं भागायचं. उत्तर १च्या आसपास आलं तर ठीक. ०.९च्या खाली धमनीची शंका, आणि ०.५च्या खाली असले मोजे नाहीतच. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, शिवाय पायाला संवेदना कमी असेल तर मोजा रुततोय हेच कळत नाही. म्हणून मधुमेहीनं डॉक्टरच्या शब्दावरच जावं. शिरा पाहायला कलर डॉपलर ही सोनोग्राफीसारखी बिनदुखीची तपासणी असते. तिच्यात कुठली झडप गळते ते दिसतं.

दोन्ही पाय घोट्यापाशी सारखेच सुजत असतील तर आणखी एक चौकशी करावी. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे का? त्या गोळीनं पुष्कळांचे घोटे सुजतात. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या दुखण्यातही पाय सुजतात. तिथे आधी गोळी किंवा मूळ आजार पाहायचा, मोजा नंतर. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दाबून दुखायला लागली तर ना मोजा, ना मालिश. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पिंपरीतलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो की विम्याचं कार्ड असणाऱ्यांसाठी चिंचवडचं ईएसआय रुग्णालय, शिफ्ट संपण्याची वाट पाहू नये.

आता आकडे. खोक्यावर ‘क्लास १’, ‘क्लास २’ असं छापलेलं असतं आणि दुकानदारही तेवढंच बोलतो. गंमत अशी, की क्लास देशागणिक बदलतो. जर्मन मानकात क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा, ब्रिटिश मानकात क्लास २ म्हणजे १८ ते २४. ब्रिटिशांचा क्लास ३ असतो २५ ते ३५, म्हणजे जवळपास जर्मनांचा क्लास २. अमेरिकी पद्धतीत क्लासऐवजी १५-२०, २०-३०, ३०-४० असे सरळ आकडे असतात. आपल्या बाजारात तिन्ही घराण्यांचा माल येतो. म्हणून क्लास विचारूच नये, दाबाचा आकडा वाचावा. खोक्यावर आकडाच नसेल, नुसतं ‘फर्म सपोर्ट’ वगैरे लिहिलेलं असेल, तर ते खोकं परत ठेवावं.

उभ्या कामानं पाय जड होतात, संध्याकाळी थोडी सूज येते, बाकी काही नाही, अशांना १५-२०चा दाब सहसा पुरतो. शिरा स्पष्ट फुगल्यात, सूज रोजची आहे, त्यांना बहुधा २०-३० सांगतात. कातडी काळी पडलीय, जखम होऊन भरलीय, पूर्वी गुठळी झालेली आहे, तिथे ३०-४०चा विचार होतो. विशीच्या पुढचा दाब स्वतःच्या मनानं घेऊ नये. लांबीचं म्हणाल तर गुडघ्याखालपर्यंतचा मोजा बहुतेकांना पुरतो, कारण पंप पोटरीतच आहे. मांडीपर्यंतचा मोजा गुडघ्यामागे गोळा होतो, घसरतो आणि चार दिवसांत कपाटात जातो.

ऑपरेशननंतर रुग्णालयातून मिळालेले पांढरे मोजे कामावर घालून जाणारे लोकही मी पाहिलेत. फुकट मिळालेली वस्तू वाया कशी घालवायची! पण ते पडून असलेल्या रुग्णासाठी असतात, त्यांचा दाब उभ्या माणसाच्या हिशेबानं ठरवलेला नसतो. पडून असलेल्यालाही ते सरसकट चालतात असं नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या ‘क्लॉट्स’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००९ साली आला: मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, कातडीला इजा मात्र वाढली.

मापाबाबत आपल्याकडे आनंद आहे. एका मेडिकलमध्ये संध्याकाळी सातला, दिवसभराची ड्युटी करून आलेल्या माणसाकडे काउंटरपलीकडून नजर टाकून ‘लार्ज द्या यांना’ असं झालेलं मी स्वतः ऐकलंय. पॅन्टही न सरकवता! माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, सूज चढण्याआधी. शिवणकामाची टेप पुरते. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो, तिथला घेर. पोटरीचा सर्वांत जाड जागी घेर. आणि भिंतीला टाच लावून उभं राहून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. हे आकडे कागदावर लिहून न्यायचे आणि खोक्यावरच्या तक्त्यात पाहायचे. अडचण आली तर घोट्याच्या मापाला मान द्यायचा, कारण दाबाचा आकडा घोट्याचाच असतो. खेळाडूसारख्या भरदार पोटऱ्या असलेल्या पुरुषांना घोट्याचा मेळ पोटरीशी लागत नाही. त्यांनी मापून शिवून मिळणारे मोजे मागवावेत. हत्तीपायाच्या सुजेसाठी तर वेगळेच, सपाट विणीचे जाड मोजे लागतात. तिथे दुकानातला तयार माल कामाचा नाही.

पुरुषांच्या बारीकसारीक तक्रारी खऱ्या असतात, त्यांना हसू नये. पायावरचे केस ओढले जातात. त्यासाठी वस्तरा फिरवायची गरज नाही, उलट वस्तऱ्याच्या बारीक कापांतून जंतू शिरतात; कात्रीनं केस आखूड केले किंवा आत पातळ सुती मोजा घातला तरी भागतं. मांडीच्या मोज्याला वर जी सिलिकॉनची पट्टी असते ती केसांवर टिकत नाही, हेही गुडघ्याखालचा मोजा घेण्याचं एक कारण. कातडीच्या रंगाचा मोजा पॅन्टखालून डोकावला की मित्र चिडवतात. काळ्या, निळ्या, उभ्या रेघांच्या जाड विणीचे मोजे मिळतात, ते ऑफिसच्या साध्या मोज्यांसारखे दिसतात. सेफ्टी शूज घालणाऱ्यानं बंद बोटांचा मोजा घ्यावा. उघड्या बोटांच्या मोज्याची कड लोखंडी टोपीच्या बुटात बोटांच्या बुडाशी घासत राहते. बोटांना जखम, नखाचं दुखणं असेल तर मात्र उघडी बोटं बरी, रोज पाहता येतात.

घालायची वेळ सकाळची, पलंगावरून उतरण्याआधी. अंघोळ आधी हवीच असेल तर नंतर दहा-पंधरा मिनिटं पाय भिंतीला उंच लावून पडावं, मग घालावं. तिसऱ्या शिफ्टवाल्याची सकाळ दुपारी तीनला होते, तर माप आणि मोजा दोन्ही दुपारी तीनला. झोपताना काढायचा. आडव्या माणसाला चढण उरत नाही, मग पंपाला मदतही नको.

घालण्याची हातोटी पहिल्या आठवड्यात येते, तोवर घाम फुटतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाच टाचेच्या घरात नीट बसवायची आणि मग वरचा भाग तळहातांनी थोडा थोडा वर चढवत न्यायचा. वरची कड धरून ओढायची नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड मस्त येते आणि नखं लागत नाहीत. ज्यांचं पोट आडवं येतं त्यांच्यासाठी तारेची चौकट मिळते, तिच्यावर मोजा चढवून पाय नुसता आत ढकलायचा. सुरकुती राहू द्यायची नाही. आणि उरलेला मोजा वर दुमडायचा तर अजिबात नाही: दोन पदर झाले की तिथला दाब जवळजवळ दुप्पट, म्हणजे पुन्हा तोच फास. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, नडगीच्या हाडावर दुखायला लागलं तर लगेच काढावा.

तेल हा आपल्याकडचा खास घोळ. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळून देतात. घरीही ‘पाय भरून आलेत, तेल लाव’ हे ठरलेलं. तेल आणि मलमानं मोज्याचे ताणले जाणारे धागे बिघडतात, शिवाय तेलकट पायावर मोजा घसरतो. कोरडी कातडी भेगाळू नये म्हणून मलम लावायलाच हवं, पण रात्री, मोजा काढल्यावर. सकाळी कोरड्या पायावर मोजा.

मोज्यानं शीर पूर्वीसारखी होत नाही. घालाल तेवढा वेळ उपयोग, काढला की झडप पुन्हा गळकी. गळकी शीर कायमची बंद करायची तर लेझर, रेडिओ लहरी, शीर बंद करणारं इंजेक्शन किंवा जुनी शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत, आणि मोजा हा त्यांना पर्याय आहे असं समजून वर्षं काढणं चूक. उलट, पाय सुजून, जंतुसंसर्गानं वारंवार लाल होऊन ताप येणाऱ्यांना मोज्याच्या दाबाचा केवढा उपयोग होतो तेही पाहा: ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबाचा उपचार मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना तो जंतुसंसर्ग पुन्हा झाला, न मिळालेल्यांपैकी ४० टक्क्यांना.

वीस-तीसचा दाब स्तब्ध उभ्या पायातल्या नव्वदीच्या दाबाला पुरा पडत नाही, हे गणित मघाच्या आकड्यांतून दिसतंच. सूज त्यानं कमी होते, पण खरं काम मोज्याच्या आत पाय हलला तरच होतं. लाईनवर जागा सोडता येत नाही, टाचा मात्र उचलता येतात. दर काही मिनिटांनी दहा-पंधरा वेळा, विणेकऱ्यासारख्या. बसण्याबद्दल तर १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमातच लिहून ठेवलेलं होतं, की उभ्यानं काम करावं लागणाऱ्या कामगारांना, कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून, बसायची सोय मालकानं ठेवायची. ज्या शेडमध्ये स्टूल दिसला की उचलून नेतात, तिथल्या युनियनच्या पोरांनी हे कलम वाचायला हरकत नाही.

धुणं रोजचं, हातानं, कोमट पाण्यात, साध्या साबणानं. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळत घालायचा. गच्चीवरच्या उन्हानं आणि इस्त्रीनं धागा मरतो. म्हणून दोन जोड्या लागतात. रोज वापरलेली जोडी साधारण सहा महिन्यांत ढिली पडते. घालायला अचानक सोपी वाटू लागली, तर हात सरावले म्हणून खूश होऊ नये, दाब गेलेला असतो. घेतल्याची तारीख खोक्यावर बॉलपेननं लिहून ठेवावी. जुनी जोडी टाकवत नसेल तर मोटरसायकलची चेन पुसायला ती फार छान.